आलं की सोडलं

२२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं तेव्हा माझ्या कादंबरीचा तिसरा खर्डा बाजारपेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात होता. तळमजल्यावर, टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, सुतळीने बांधलेला. चारशे बारा पानं, आणि पानोपानी माझ्या लाल बॉलपेनच्या दुरुस्त्या. पहाटे वाशिष्ठी चढली, शिवनदी फुगली, खाडीला भरती, आणि बघता बघता बाजारात पाणी पहिल्या मजल्याला लागलं. पोफळीहून चिपळूण वीसेक किलोमीटर, पण फोन लागेना, खाली उतरायची सोय नाही. तिसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा दुकानाचा मुलगा फावड्याने चिखल ओढत होता. मी त्याला मुलगाच म्हणतो, तिशीचा असेल. दोन कॉम्प्युटर आणि प्रिंटर रस्त्यावर उन्हाची वाट बघत मांडलेले.

"काका, तुमचं पण गेलं," तो म्हणाला आणि खणातून एक राखाडी लगदा काढून माझ्या हातात दिला. विटेएवढा जाड, विटेएवढाच जड. वरच्या पानावर माझ्या आडनावातली दोन अक्षरं तेवढी लागत होती.

त्याचं दुकान तसं झालेलं असताना आपल्या कागदांबद्दल हळहळायची लाज वाटली. गावातलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. ज्या वाचनालयाने मला वाचायला शिकवलं, तिथली हजारो पुस्तकं त्या दिवशी पाण्यात गेली होती. त्यापुढे माझी एक न छापलेली कादंबरी म्हणजे काय! मी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि दुसरं फावडं घेतलं.

त्या आठवड्यात चिपळुणात कुठेही जा, एकच वाद कानावर यायचा. पाणी आलं की सोडलं? कुणी म्हणे ढगच फुटला, कुणी म्हणे वरून धरणातून सोडलं. मी पोफळीचा म्हटल्यावर तर लोक मलाच धरायचे. "तुम्ही वरचे ना? मग खरं सांगा." जणू चावी माझ्याच खिशात होती. वर्तमानपत्रांतून खुलासे आले, त्यांवर प्रतिखुलासे आले. त्या वादात पडायचं इथे मला कारण नाही. माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. शेजारचा एक कापडवाला पंचनाम्याला आलेल्या माणसाला हात वर करून सांगत होता, "साहेब, पाणी सोडलं हो, नाहीतर इतक्या लवकर चढतं?" पंचनामेवाला गेला. अर्ध्या तासाने चहाचा कप हातात घेऊन, ओल्या साड्यांच्या गठ्ठ्यावर बसून तोच माणूस मला म्हणाला, "पाणी आलं हो. काय सांगू. आलं ते आलंच."

तोच माणूस, तेच पाणी, अर्ध्या तासात दोन क्रियापदं. आणि दोन्ही वेळा तो खोटं बोलत नव्हता.

माझ्या हातातल्या लगद्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच क्रियापद होतं: सोडलं.

आता थोडं मागचं सांगायला हवं. पोफळी म्हटलं की बाहेरच्याला सुपारीची बाग आठवते. आम्हाला पावरहाऊस आठवतं. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला, डोंगराच्या पोटात. बाहेरून पाहिलं तर रान आणि तारांचे मनोरे. कोयना नदी खरी पूर्वेला जाते, कराडला कृष्णेला मिळते आणि पुढे बंगालच्या उपसागराला. ते पाणी शिवसागर जलाशयात अडवून, सह्याद्रीतून बोगदे काढून पश्चिमेला वळवलं आणि कोकणात खाली पाडलं. १९५४ला काम सुरू झालं, १९६२ला पहिलं जनित्र फिरलं. पुढे कोळकेवाडीचं धरण, अलोऱ्याचा तिसरा टप्पा, मग चौथा. आज धरणपायथ्याच्या केंद्रासकट १९६० मेगावॅट. पश्चिमेला वर्षाला किती पाणी वळवायचं याचा आकडासुद्धा लवादाने ठरवून दिलेला आहे, साडेसदुसष्ट टीएमसी. तेच पाणी जनित्रं फिरवून शेवटी वाशिष्ठीत जातं, चिपळुणावरून दाभोळच्या खाडीला. म्हणजे नदीने जायचं कुठे हे इथे माणसांनी ठरवलं आहे. राजकीय कादंबरी लिहायची तर आणखी काय पाहिजे?

माझे वडील माण तालुक्यातले. दुष्काळाला कंटाळून बोगद्याच्या कामावर आले ते इथेच राहिले. मी १९५७चा, जन्म इथला. नोकरी मात्र मी बोगद्यात केली नाही, यंत्रावरही केली नाही. एका सरकारी कचेरीत लिपिक म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. बारनिशी, आवक-जावक, टिपणी, नस्ती. तेहतीस वर्षं मराठीच लिहिली, पण कुठली मराठी ते पुढे येईल.

२०१३च्या जानेवारीत चिपळूणला ८६वं साहित्य संमेलन भरलं. नागनाथ कोत्तापल्ले अध्यक्ष होते. निमंत्रणपत्रिकेवरच्या परशुरामाच्या परशूवरून आधी बरीच रणं माजली होती. मी रजा टाकून तिन्ही दिवस मांडवात बसलो. साहित्यात राजकारण नको म्हणणारे आणि असलंच पाहिजे म्हणणारे, दोघंही मोठ्या आवाजात बोलत होते. परत येताना नऊ वह्या घेतल्या. बायको म्हणाली, "अहो, घरात इतकी कुणाची शाळा सुरू व्हायची आहे?"

पहिला खर्डा दोन वर्षांत झाला. त्याच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सुरुवात मंत्रालयात होती. याला कारण 'सिंहासन'. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ला केलेला तो सिनेमा मी ऐन उमेदीत पाहिला आणि राजकीय कादंबरी म्हणजे मुख्यमंत्री, बंडखोर मंत्री आणि एक थकलेला वार्ताहर, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. साधूंनी आयुष्य पत्रकारितेत काढलं होतं, त्यांना ते मजले आतून माहीत होते. मी मंत्रालयात चारदा गेलो होतो, आणि त्यातला निम्मा वेळ पास मिळायच्या खिडकीशी. तरी माझ्या पहिल्या प्रकरणात दोन मंत्री सहाव्या मजल्यावर उभे राहून समुद्राकडे पाहत कोयनेच्या पाण्याबद्दल बोलत होते. सोळा पानं बोलत होते. एकमेकांना ठाऊक असलेल्याच गोष्टी ते एकमेकांना सांगत होते, म्हणजे वाचकाला कळाव्यात.

हा खर्डा मी एका बाईंना वाचायला दिला. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिका. त्यांनी महिनाभर ठेवून घेतला आणि नऊच्या नऊ वह्या पिशवीत घालून स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, "तुमच्या कादंबरीत टीएमसी आहेत, क्युसेक आहेत, लवाद आहे. पण सहाशे पानांत एकही बाई पाणी भरायला जात नाही."

मी म्हटलं, "बाई, ही राजकीय कादंबरी आहे."

"म्हणूनच विचारलं," त्या म्हणाल्या. "वर डोंगराला धनगरवाड्या आहेत. एप्रिल-मे आला की टँकरकडे डोळे. खालून बारा महिने पाणी वाहतं. तुमच्या मंत्र्यांना सोळा पानं दिलीत, तिला अर्धं पान द्या."

दुसऱ्या खर्ड्यात मंत्रालय गेलं. कागदावर रेघ मारायला फार वेळ लागत नाही, पण त्या सोळा पानांतलं एक वाक्य मला अतिशय आवडायचं. ते वाचवायला मी त्याला चार वेगवेगळ्या प्रकरणांत बसवून पाहिलं. कुठेच बसेना. माझ्या मताचं वाक्य होतं ते, कुठल्या माणसाचं नव्हतंच. शेवटी काढलं. आता आठवतही नाही, हे गमतीने सांगत नाही.

दुसरा खर्डा मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो. ती पडवीत आठळ्या सोलत नाहीतर कुळीथ निवडत बसलेली. ती साहित्यावर बोलत नाही, पण कंटाळली की तिचा हात भराभर चालतो. हे माझ्या लक्षात आल्यावर मी वहीच्या समासात 'हात' असं लिहू लागलो. जिथे जिथे 'हात' लिहिलं गेलं ती पानं काढून एका रात्री ओळीने वाचली आणि मला घाम फुटला. गाव उठवण्यात आले. घरे पाडण्यात आली. मोबदला अदा करण्यात आला. विस्थापितांना स्थलांतरित करण्यात आले. झाडे तोडण्यात आली. हे माझ्या कादंबरीचं निवेदन होतं!

तेहतीस वर्षं ज्या हाताने टिपणी लिहिली त्याच हाताने मी शोकांतिका लिहीत होतो. कचेरीतल्या वाक्याला कर्ता नसतो. तशी पद्धतच आहे, आणि तिच्यात सोय आहे. नस्ती वर जाते, खाली येते, मध्ये प्रत्येक जण 'मान्यतेस्तव सादर' लिहून सही करतो, आणि शेवटी जे घडतं ते कुणी केलेलं नसतं, 'करण्यात आलेलं' असतं. नवीन लागलो तेव्हा मी एकदा टिपणीत 'आम्ही जागा पाहिली' असं लिहिलं होतं. वरिष्ठांनी ते खोडून 'जागेची पाहणी करण्यात आली' केलं आणि हसून म्हणाले, "आम्ही कोण? तू आणि शिपाई?" मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या पोरांचं 'आम्ही' मीसुद्धा तसंच खोडलं.

मी मोजदाद केली. दुसऱ्या खर्ड्यात 'ण्यात आले' आणि त्याची भावंडं दोनशे सतरा वेळा होती. हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी ऑर्वेलचा एक लेख वाचायला दिला, १९४६चा, इंग्रजी भाषा आणि राजकारण यांवरचा. डिक्शनरी घेऊन आठ दिवस बसलो. शेतकऱ्यांना त्यांच्या जमिनीवरून हुसकून रस्त्याला लावलं तर त्याला लोकसंख्येचं स्थलांतर असं सभ्य नाव कसं मिळतं, हे त्याने त्यात दाखवलं आहे. कर्मणी टाळा, असाही नियम सांगितला आहे. इतक्या लांबच्या माणसाला आमच्या बारनिशीतलं कसं कळलं याचं मला नवल वाटलं.

मराठीत आणखी एक सोय आहे. बुडालं आणि बुडवलं. उठलं आणि उठवलं. तुटलं आणि तोडलं, फुटलं आणि फोडलं, सुटलं आणि सोडलं. एका मात्रेच्या, एका अक्षराच्या फरकाने एखादी गोष्ट दैवाची होते नाहीतर माणसाची. मी लाल बॉलपेन घेतलं आणि तिसऱ्या खर्ड्यात सगळी क्रियापदं माणसांच्या नावावर चढवली. कोयनेकाठची गावं उठली तेव्हा महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो १९७६ला आला. तोवर लोक ठाण्याला, रायगडला, रत्नागिरीला, सोलापूर-सांगलीकडे पांगून पंधरा-पंधरा वर्षं झाली होती. हे सगळं माझ्या डोक्यात पेटलेलं. 'गाव बुडालं'चं 'साहेबांनी गाव बुडवलं' झालं. त्यासाठी मग साहेब लागला. मी एक कार्यकारी अभियंता उभा केला. त्याला सिगारेट दिली, कुत्रा दिला, गॉगल दिला. घरी भांडणारी बायको दिली. सतरावं प्रकरण लिहून झाल्यावर त्या अभियंत्याच्या कुत्र्याचासुद्धा मला राग येऊ लागला होता. लिहिताना फार जोर चढायचा, हे कबूल करतो. सकाळी वाचताना मात्र सभेनंतरच्या मैदानात उभं राहिल्यासारखं वाटायचं. तरी दुरुस्त्या केल्या आणि टाईप करायला चिपळूणला दिला.

आणि वाशिष्ठीने तो परत घेतला. पाहा, मीसुद्धा लिहिलंच की नाही!

कापडवाल्याचं ते 'आलं ते आलंच' ऐकून मी घरी आलो. आठेक दिवसांनी मावशींकडे गेलो. मावशी शिरगावच्या रस्त्याला राहतात, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या. त्यांचं माहेरचं गाव शिवसागराच्या तळाशी आहे. पहिल्या खर्ड्यापासून त्यांनी सांगितलेलं मी वापरत होतो. घाटातून गुरं घेऊन उतरणं, जात्याचा वरचा दगड घेतला आणि खालचा तिथेच राहिला, हे सगळं त्यांचंच. कादंबरीत मात्र मी ते एका तरुण, शिकलेल्या नायकाच्या तोंडी घातलं होतं. मावशींना मी कधी वाचून दाखवलं नव्हतं. आता हातात काहीच उरलं नव्हतं तेव्हा वहीतला एक तुकडा वाचला. 'सरकारने आमचं गाव घेतलं, आम्हाला उठवलं' असा तो होता.

त्यांनी मला थांबवलं. "कुनी उठिवलं? आमी उठलो. गाव आमी दिला."

मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला विचारलं होतं का कुणी?"

"न्हाई इचारलं. पर दिला आमीच. घेतला म्हनलास तर आमी काय मेलो हुतो?"

मग खूप वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मी निघताना म्हणाल्या, "आन ते जात्याचं त्या पोराच्या तोंडी का घातलंस? त्याला काय ठाव जातं?"

घरी येऊन वहीत तीन ओळी लिहिल्या. पुनर्वसनाचं संकलन रजिस्टर म्हणतं: संपादन करण्यात आले. माझा तिसरा खर्डा म्हणतो: घेतलं. मावशी म्हणतात: दिला. खाली मोकळी जागा सोडली, कारण वडील आठवले. ते हयातभर म्हणायचे, "डोंगर आम्ही फोडला." हजारो मजुरांतला एक माणूस, दम लागलेल्या छातीचा, पण क्रियापद कधी सोडलं नाही. त्या कामावर मेलेल्यांबद्दल बोलतानाही ते 'गेले' म्हणायचे, 'मारले' कधी म्हटलं नाही. मी चौथी ओळ लिहिली: फोडला. ज्यांच्यावर अन्याय झाला असं मी चारशे पानं ओरडून सांगत होतो, त्या दोन्ही माणसांनी स्वतःसाठी कर्त्याची जागा राखून ठेवली होती आणि मी ती त्यांच्याखालून ओढून साहेबाला बसायला दिली होती.

चौथ्या खर्ड्याला बसण्याआधी मी 'तुंबाडचे खोत' पुन्हा वाचली, दोन्ही खंड. श्री. ना. पेंडसे आमच्या शेजारच्या दापोली तालुक्यातले, कादंबरी जगबुडीच्या काठची. खोती म्हणजे काय हे कोकणात कुणाला सांगायला नको, त्यात किती जण भरडले गेले तेही. पेंडशांनी खोतांच्या पिढ्यांमागून पिढ्या लिहिल्या. खोतांना त्यांनी सोडलंही नाही आणि चाबूकही हातात घेतला नाही. मला एके काळी ही त्यांची पळवाट वाटायची. आताही त्यात कूळ जितकं दिसायला हवं तितकं दिसत नाही असं माझं मत आहे. पण खोत मात्र हाडामांसाचे दिसतात, आणि माझ्या अभियंत्याला गॉगलपलीकडे काही नव्हतं. 'झाडाझडती'ही परत काढली. विश्वास पाटलांना १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला ती, धरणग्रस्तांवरची. तिच्यात राग भरपूर आहे, पण त्या रागाला कागदपत्रं, कचेऱ्या, हेलपाटे यांचे तपशील आहेत. माझ्यासारख्या अव्वल कारकुनाला ते जास्त यायला हवे होते. मी तेच लिहायचं टाळलं होतं, कारण तिथे मी स्वतः बसलेला दिसलो असतो.

चौथ्या खर्ड्याला अडीच वर्षं लागली. आता प्रत्येक क्रियापदापाशी थांबून विचारायचं, हे कोण म्हणतंय आणि कुणाला. कापडवाल्याकडून शिकलेली युक्ती. मावशींसारखी बाई पंचांसमोर 'घेतला' म्हणते आणि चुलीपाशी 'दिला' म्हणते. कचेरीतली पात्रं 'करण्यात आले'च म्हणतात. ते काढलं नाही. दोनशे सतरांपैकी साठेक राहिले, पण आता ते माझ्या निवेदनात नाहीत, लोकांच्या तोंडी आणि कागदावर आहेत. एका टिपणीचं अख्खं प्रकरण केलं. एक नस्ती सात टेबलं फिरते, सात माणसं सही करतात, सातही जण सज्जन, कुणी डबा उघडतोय, कुणाची मुलगी दहावीला. शेवटी एका वाडीचं नाव यादीतून वगळलं जातं. चौथ्या टेबलावरचा माणूस मी आहे. त्याला नाव दिलेलं नाही.

'तू' आणि 'तुम्ही' हेही याच वेळी दिसलं. तिसऱ्या खर्ड्यात अभियंता वडिलांच्या वयाच्या मजुरांना 'अरे' म्हणत होता आणि मजूर त्याला 'सायेब, तुमी'. ते वास्तवच होतं, पण मी ते न बघता लिहिलं होतं, सवयीने. आता बघून लिहिलं. बोगद्यात दरड पडते, एक मजूर दुसऱ्याला ओढून काढतो, त्यानंतर अभियंता त्याला म्हणतो, "तुम्ही बसा." मजूर मागे वळून पाहतो, कुणाला म्हणतोय म्हणून. तिसऱ्या खर्ड्यात इथे एका कामगार पुढाऱ्याचं चार पानी भाषण होतं. ते गेलं, पुढारीही गेला. कुत्रा ठेवला. गॉगल काढला.

सगळ्यात अडलो भूकंपापाशी. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चारच्या सुमाराची गोष्ट. मी दहा वर्षांचा. फळीवरचे पितळी डबे पडायला लागले, आई आम्हाला ओढत अंगणात घेऊन गेली, थंडीत उभे राहिलो आणि सगळीकडचे दिवे गेलेले. पोफळीची जनित्रं थांबली होती, तिकडे मुंबईतही वीज गेली होती हे नंतर कळलं. घाटावर कोयनानगर उद्ध्वस्त झालं. आता धरणाच्या साठ्यामुळे भूकंपाला चालना मिळते याचं उदाहरण म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेचं नाव घेतात. मग काय लिहू? 'भूकंप झाला' की 'भूकंप आणला'? तिसऱ्या खर्ड्यात मी शास्त्रज्ञ आणून तीन पानं त्याच्याकडून वदवलं होतं. जगात जे वाद चालू होते ते सगळे तो अंगणात उभा राहून मांडत होता. चौथ्यात शास्त्रज्ञ नाही. डबे पडतात, दिवे जातात, पोरगा आईला विचारतो, "कुणी बंद केले?" आई म्हणते, "गप." एवढंच. बाईंनी इथे समासात काहीतरी लिहून खोडलं आहे. काय लिहिलं होतं ते त्या सांगत नाहीत.

जे मिळालं नाही तेही सांगतो. पाणी भरायला जाणारी ती धनगरवाडीची बाई मला शेवटपर्यंत नीट जमली नाही. बाईंनी अर्धं पान मागितलं होतं, मी अकरा पानं दिली आणि तरी ती हंडा घेऊन चालतेच आहे, तोंड उघडत नाही. वर दोनदा जाऊन आलो. तिथे जे ऐकलं ते लिहायला गेलं की माझीच भाषा लागते. टाईप करणारा मुलगाही माझ्या नकळत बोली सरळ करतो. 'पानी'चं 'पाणी', 'न्हाई'चं 'नाही'. त्याला शाळेत तसंच शिकवलंय, त्याची चूक नाही. मी परत वाकडं करतो, तो परत सरळ करतो. अशा आमच्या चार फेऱ्या झाल्या.

पुण्याच्या एका प्रकाशकांकडे कादंबरी गेली. संपादकांचा फोन आला. म्हणाले, आवडली, पण राजकीय कादंबरी म्हणता तर आमदार कुठे आहे? मी म्हटलं, आहे की, नवव्या प्रकरणात त्याची जीप जाते. धुरळा उडतो, बाया पदर तोंडाला लावतात. ते थोडे थांबले आणि म्हणाले, "जीपचा रंग तरी लिहा." लिहिला.

गेल्या महिन्यात छपाईआधीची शेवटची प्रुफं आली. चिपळूणच्या त्याच मुलाकडे, त्याच दुकानात. आता त्याचे कॉम्प्युटर माळ्यावर आहेत, गिऱ्हाईक शिडीने वर जातं. भिंतीवर त्या वर्षीच्या पाण्याची रेघ त्याने रंगवलेली नाही, तशीच ठेवली आहे. मी घरी आणून दोन दिवस प्रुफं वाचली. एकशे चौऱ्याऐंशी पानावर अडलो. शिवसागर पहिल्यांदा भरला तो प्रसंग. रिकाम्या गावातलं शेवटचं घर, उंबऱ्यापाशी एक म्हातारा परत आलेला, न्यायचं काही राहिलं का बघायला. शेवटचं वाक्य मी 'तेवढ्यात पाणी आलं' असं लिहिलेलं मला पक्कं आठवत होतं. ते महिनाभर घोळवून ठरवलं होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं तर पाणी येतंच, सोडणारा त्याला दिसत नाही. प्रुफात होतं: तेवढ्यात पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी एसटीने खाली उतरलो, शिडी चढलो, पान पुढे ठेवलं. "हे बदललंस का?"

त्याने पान हातात घेऊन नीट वाचलं. मागच्या ओळीपासून वाचलं. "नाही काका," तो म्हणाला. "मी कशाला बदलू? तुमच्या वहीत होतं तसंच घेतलं."

तो खोटं बोलेल असं मला वाटत नाही. नकळत झालं असेल असंही म्हणवेना, कारण ते वाक्य वाचताना त्याने एकदा भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलं होतं. वही माझ्या पिशवीतच होती. काढली, पान शोधलं. 'आलं' लिहून खोडलेलं होतं. वर बारीक अक्षरांत 'सोडलं' लिहिलेलं, तेही खोडलेलं. त्याच्या वर मी काहीच लिहिलेलं नव्हतं.

"मग काय ठेवू?" त्याने विचारलं. की-बोर्डवर बोटं ठेवून तो थांबला होता. खाली कुणीतरी झेरॉक्ससाठी हाका मारत होतं.